पावसाळ्याआधी गाडीची तयारी, सोसायटीच्या आवारातच

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, म्हणून ही कामं मे महिन्यातच उरका. रविवारची सकाळ बरी, इंजिन रात्रभरात थंड झालेलं असतं. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढा, चाकाला वीट लावा आणि पाने, पक्कड, टॉर्च, जुनी फडकी आणि गाडीचं मॅन्युअल हाताशी ठेवा.

बॉनेट उघडलं की सगळ्यात आधी इंजिन हवा कुठून ओढतं ते शोधा. एअर फिल्टरच्या काळ्या डब्याला जोडलेल्या जाड पाइपाचा माग काढत गेलात की तो बहुधा ग्रिलच्या वरच्या कडेला नाहीतर हेडलाइटमागे उघडतो. त्या तोंडाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. आपल्याकडे पावसात इंजिनं बसतात ती इथूनच. हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. पुढून बस गेली की तिच्या लाटेनेही पाणी वर चढतं, म्हणून अर्धं चाक बुडेल एवढं पाणी दिसलं तरी गाडी घालू नका. आता डब्याच्या क्लिपा काढून फिल्टर बघा. काळा पडला असेल तर सरळ नवा टाका. डब्याच्या तळाची धूळ पुसा, झाकणाच्या कडेचं रबर नीट बसलंय आणि पाइपाचा क्लॅम्प घट्ट आहे, हे बोटांनी चाचपून पाहा.

इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढून काढा, पुसून पुन्हा बुडवा आणि बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ते दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. ऑइल स्वतः बदलणार असाल तर नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावाच. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या. गटारात ओतलेलं शेवटी आपल्याच समुद्रात जातं.

खाऱ्या हवेने बॅटरीचे टर्मिनल लवकर खराब होतात. निगेटिव्ह वायर आधी सोडा आणि जोडताना शेवटी जोडा. पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, वायरी घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. इंजिन बंद असताना मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे.

पुढच्या काचेखालच्या जाळीत गुलमोहराच्या पाकळ्या आणि पानं अडकतात. ती काढली नाहीत तर पाणी तुंबून पायाखालच्या कार्पेटपर्यंत येतं. तिथेच टॉर्च मारून उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना तेही पाहा. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला. टायरची नक्षी १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा झाली, पण पावसाळ्यासाठी मला ती फार कमी वाटते. स्टेपनीतली हवाही तपासा.

काच फोडायचा हातोडा ड्रायव्हरच्या दारात ठेवा, डिकीत नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. हातोडा बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायचा, समोरची काच सहज फुटत नाही.

विम्यात इंजिन प्रोटेक्शन आहे का ते पाहा. साध्या पॉलिसीत पाण्याने बसलेल्या इंजिनाचा खर्च बहुधा मिळत नाही. महापालिका जाहीर करते ते मोठ्या भरतीचे दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्यात जोराचा पाऊस असेल, तर हिंदमाता, मिलन सबवे अशा पाणी तुंबणाऱ्या जागा टाळा आणि बेसमेंटमधली गाडी आधीच वर आणा.

घरात जो जो गाडी चालवतो त्याला बजावून ठेवा, पाण्यात गाडी बंद पडली की पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. उतरून आधी स्वतः सुरक्षित जागी जायचं, पाणी ओसरलं की टोइंगवाल्याला फोन करायचा. त्याचा नंबर आजच सगळ्यांच्या फोनमध्ये टाका.