वेबसाइट विश्वासाची, आकडा १९७१चा

शाळेत नव्याने ग्रंथपाल म्हणून लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. शिक्षकांना प्रकल्पासाठी निवडक वेबसाइट काढून द्यायचं काम आज ना उद्या तुमच्याकडे येणारच.

चांगल्या वेबसाइट कोणत्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मराठी विश्वकोश, ई-बालभारती, दीक्षा हे सरकारी शालेय पोर्टल, अरविंद गुप्तांचा विज्ञान-खेळण्यांचा आणि पुस्तकांचा खजिना, ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवरच्या खेड्यापाड्यांतल्या मराठी गोष्टी. पहिल्याच वर्षी मी अशा ४३ लिंकची यादी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. अंगठे आले, नमस्कार आले. महिनाभरात एकाही वर्गात त्यातलं काही वापरलं गेलं नाही. मला फार लागलं ते. आज कळतं, की पाठोपाठ तास, मधल्या सुट्टीत पोषण आहाराची नोंद आणि संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा असलेल्या माणसाने ४३ पानं उघडून बघायची तरी कधी?

पण खरा फटका पुढेच बसला, आणि तो सविस्तर सांगते.

आमची शाळा रायगड जिल्ह्यातली. भूगोलाच्या सरांनी नववीला ‘माझा जिल्हा’ हा प्रकल्प दिला. या वेळी मी शहाणी झाले होते, त्यांना एकच लिंक दिली: मराठी विश्वकोश. वर सांगितलं, “सर, डोळे झाकून वापरा.” प्रदर्शनाच्या दिवशी एका मुलीच्या तक्त्यावर टपोऱ्या अक्षरांत जिल्ह्याची लोकसंख्या होती, साडेबारा लाखांच्या घरातली. एका पालकांनी विचारलं, “एवढीच?” २०११च्या जनगणनेत रायगडची लोकसंख्या २६,३४,२०० आहे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मुलीने काहीही मनाचं लिहिलं नव्हतं. नोंद होती ‘कुलाबा जिल्हा’ या नावाची, कारण तो खंड छापला गेला तेव्हा जिल्ह्याचं नाव तेच होतं. रायगड हे नाव १९८१मध्ये आलं. आकड्यापुढे कंसात १९७१ असं स्वच्छ छापलेलं होतं. मुलीने आकडा उतरवला आणि कंस गाळला. विश्वकोशाचं यात काहीच चुकलं नाही. चुकलं माझं. वेबसाइट विश्वासाची आहे एवढंच मी सांगितलं. तिथली माहिती कोणत्या सालची आहे, हे सांगितलं नाही.

हे पुन्हा सांगते, कारण चांगल्या वेबसाइटवरच हे जास्त घडतं. भलत्यासलत्या पानावर मुलं तरी जरा शंका घेतात. विश्वकोशाचे २० खंड १९७६पासून पुढे कित्येक वर्षं निघत राहिले, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन नोंदींची सालं वेगळी असू शकतात. जुनी गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं, तर त्याहून मागची. कुलाबा-जंजिऱ्याचा इंग्रजी खंड १८८३चा आहे. इतिहासाला, नद्यांना, किल्ल्यांना ही सोन्यासारखी साधनं आहेत. लोकसंख्या, तालुके, रस्ते, पिकाखालचं क्षेत्र यांसाठी साल पाहिल्याशिवाय एक आकडाही मुलांच्या हाती देऊ नका. २०११नंतरची जनगणना लांबल्यामुळे त्यापुढच्या सालचा आकडा कुठे दिसला, तर तो अंदाज आहे हेही मुलांना सांगा.

आता मी यादी करत नाही. एका शिक्षकाचा एक ऑफ तास मागून घेते आणि शेजारी बसते. एक घटक, जास्तीत जास्त तीन पानं. वेबसाइटचं मुखपृष्ठ कधीच देत नाही, नेमकं पान देते. मुखपृष्ठावर सोडलेलं मूल दोन मिनिटांत गूगलवर जाऊन तयार प्रकल्पाची पीडीएफ शोधतं. प्रत्येक पानाखाली दोन ओळी लिहिते: माहिती कोणत्या सालची, आणि इथे कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं. पान आधी शाळेच्या संगणकावर आणि मग साध्या मोबाइलवर उघडून बघते, कारण बहुतेक मुलांना फोन मिळतो तो संध्याकाळी, वडील घरी आल्यावर. तिथे जड पीडीएफ उघडतच नाही.

‘शंभर उपयुक्त वेबसाइट’ असले फिरते संदेश पुढे ढकलू नका, त्याने कुणाचंही भलं होत नाही. दिवसभराच्या प्रशिक्षणांवरही माझा फारसा विश्वास उरलेला नाही. मला हे काम शिकवलं ते शेजारच्या गावातल्या निवृत्त ग्रंथपाल बाईंनी. त्या प्रत्येक पुस्तकाचं आधी प्रकाशनवर्ष बघायच्या, मग नाव.

तुम्हाला संगणकातलं फार येत नसेल तर घाबरू नका, मलाही येत नव्हतं. वर्षभरात दोन शिक्षक तुमच्याकडे आपणहून आले तरी पुष्कळ झालं. माझ्याकडे पहिले परत आले ते भूगोलाचेच सर.

त्यांनी त्या मुलीला तक्ता फाडू दिला नाही. जुन्या आकड्याशेजारी तिने १९७१ लिहिलं, खाली २०११चा आकडा लिहिला आणि वजाबाकी केली. चाळीस वर्षांत दुपटीहून जास्त. मग ती ग्रंथालयात येऊन मला म्हणाली, “बाई, एवढी माणसं आली कुठून?” आम्ही दोघींनी नकाशा उघडला आणि पनवेलपासून सुरुवात केली.