भाऊबीजेच्या रात्री उरलेल्या फराळाची तयारी

भाऊबीजेची ओवाळणी झाली, पाहुणे निघाले, की झोपण्याआधी अर्धा तास राखून ठेवा. ओट्यावर सगळे डबे एका रांगेत मांडा. आपल्या घरचे तर मांडाच, पण शेजारून आलेले, नणंदेने दिलेले, ऑफिसातून मिळालेले खोकेही बाहेर काढा. झाकणं उघडा आणि मोजा. बेसनाचे लाडू किती, रव्याचे किती, करंज्या किती, शंकरपाळ्यांचा डबा कुठवर भरलेला आहे. आकडे कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावा.

हे त्याच रात्री का, तर दुसऱ्या दिवसापासून घर शांत होतं आणि खरा धोका तिथून सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीपासून दिवाळीपर्यंत मी चार किलो वजन कमी केलं होतं. दिवाळीच्या चारही दिवशी नीट सांभाळलं, सगळ्यांबरोबर बसून थोडं थोडं खाल्लं. मग मुलं शाळेत, हे कामावर, आणि ओट्यावर अर्धे भरलेले डबे. चहा ठेवताना एक लाडू, भांडी लावताना चार शंकरपाळे, रात्री दिवा मालवायला गेले की करंजीचा उरलेला तुकडा. खायची इच्छा होती असंही नाही, टाकवत नव्हतं म्हणून खात होते. मार्गशीर्ष लागेपर्यंत दोन किलो परत आले. म्हणून कोणता डबा कुठे जाणार, हे पोट भरलेलं असताना ठरवून टाका. दुसऱ्या दिवशी चार वाजता चहाच्या वेळी ते ठरवता येत नाही.

मोजून झालं की एक लाडू वजनकाट्यावर ठेवा. आमच्याकडे अर्धा किलो बेसनाला ३०० ग्रॅम तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर पडते, त्याचे साधारण २५ लाडू होतात, म्हणजे एक लाडू ४८ ग्रॅमचा. त्यात २० ग्रॅम बेसन, १२ ग्रॅम तूप, १६ ग्रॅम साखर. तुपाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आणि साखरेच्या ग्रॅमला ४ धरल्या, तर लाडू अडीचशे कॅलरींच्या जवळ जातो. माझ्या वजनाच्या बाईला तेवढ्यासाठी तासभर भरभर चालावं लागतं. साखरेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेला सल्ला असा, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दोन हजार कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका लाडवात त्यातले १६ गेले, उरलेले दोन कप चहात जातात. हा हिशेब घाबरवण्यासाठी नाही. लाडू खायचाच आहे, फक्त तो कितीचा आहे हे हाताला माहीत असावं.

आता वाटणी. पहिला ढीग नाशवंत गोष्टींचा, कारण त्यांना वाट बघता येत नाही. खव्याचे पेढे, बर्फी, बंगाली मिठाई, ओल्या नारळाच्या करंज्या, रवा-नारळाचे लाडू हे सगळं त्याच रात्री फ्रिजमध्ये. दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘या तारखेपर्यंत खावी’ असं लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झालं, पण घरी आलेल्या खोक्यावर ती तारीख सहसा नसते. त्यामुळे खोकं कधी आलं ते आठवून पेनाने वर लिहा. बंगाली मिठाई दोन दिवसांत, खव्याची चारेक दिवसांत संपवायची. तेवढी खाणारी माणसं घरात नसतील तर दुसऱ्याच दिवशी सकाळी वाटून मोकळं व्हा.

वाटण्याबद्दल मला मनापासून एक सांगायचं आहे. आपल्याला नको झालेलं, दहा दिवस जुनं, डब्याच्या तळाशी चुरा झालेलं कामाच्या मावशींच्या हातात ठेवू नका. त्यांचा फराळ पाडव्याला, ताजा, आपल्या ताटातल्यासारखाच गेला पाहिजे. भाऊबीजेनंतर द्यायचं असेल तर जे अजून उत्तम आहे तेच द्या, आणि आधी विचारा, कारण त्यांच्याही घरी चार घरांचे डबे आलेले असतात. परीक्षेमुळे घरी जाऊ न शकलेली होस्टेलची मुलं, भाड्याच्या खोलीत राहणारे भाचे-पुतणे, रात्रपाळीचे वॉचमनदादा, इथे लाडवांचं खरोखर स्वागत होतं. माझा पुतण्या तीन मित्रांबरोबर राहतो. त्याला फोन केला तर तो दुसऱ्या दिवशी डबा घ्यायला स्वतः हजर होतो. शेजाऱ्यांचे डबे मात्र रिकामे परत पाठवायची पद्धत नाही, आणि तिथे आपण पुन्हा लाडू भरतो, तेही परत भरून पाठवतात, असं आठवडाभर चालतं. यंदा परतीच्या डब्यात पेरू घाला. दिवस पेरूचे आहेत, आणि घेणाऱ्यालाही बरं वाटतं.

दुसरा ढीग टिकाऊ, म्हणजे बेसन लाडू, रव्याचे पाकातले लाडू, शंकरपाळे, चिरोटे, अनारसे. यातले बेसन लाडू फ्रीझरमध्ये फार छान राहतात. दोन-दोन लाडू वेगळे गुंडाळायचे, हवाबंद डब्यात ठेवायचे, वर तारीख. दोन-दोन का, तर अख्खा डबा बाहेर काढला की तो पुन्हा आत जात नाही. खायच्या आधी तासभर बाहेर ठेवला की तूप मऊ होतं आणि लाडू पहिल्यासारखा लागतो. शंकरपाळे आणि करंज्या तळलेल्या, त्यांचा वास घ्या. सुक्या खोबऱ्याच्या करंजीला खवट वास लवकर येतो. एकदा तो आला की ती टाकायचीच. मला माहीत आहे, टाकताना जीव तुटतो. सारण भाजताना हाताला बसलेला चटका अजून बरा झालेला नसतो. तरीही खवट करंजी पोटात घालून त्या कष्टांचं सोनं होत नाही. अनारशाचं पीठ न तळता उरलं असेल तर ते मात्र आत्ता तळूच नका. गुळाचं ते पीठ घट्ट झाकून ठेवलं तर बरेच दिवस चांगलं राहतं, पाहुणे आले की ताजे चार तळता येतात.

गुलाबजाम संपून पाक उरला असेल तर तो शिऱ्यात साखरेऐवजी वापरा आणि एका वेळेत संपवा. उरलेल्या पेढ्यांची खीर किंवा मिल्कशेक करा असं पुष्कळजण सुचवतात. मला ते पटत नाही. त्यात दूध वाढतं, काजू वाढतात, आणि दोन पेढ्यांचं सहा वाट्या गोड तयार होतं. फक्त पाहुणे येणार असतील आणि वरून साखर घालायची नसेल तरच करा.

मग घरात दिसण्यासारखं काय ठेवायचं? काचेची बरणी ओट्यावर नको. स्टीलचा, आतलं न दिसणारा डबा, फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, स्टूल घ्यावं लागेल इतका वर. स्टूल ओढून आणेपर्यंत मनाला विचारायला वेळ मिळतो. खायचं ते वाटीत घेऊन, बसून, दुपारच्या जेवणानंतर लगेच. चार वाजता रिकाम्या पोटी चहाबरोबर लाडू खाल्ला की साखर भरभर चढते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. वरण-भाजी-भाकरीच्या मागून तोच लाडू शांतपणे पचतो. म्हणून चारची सोय आधीच करून ठेवायची: वाटीभर फुटाणे, मोड आलेल्या मटकीची उसळ, नाहीतर पेला भरून ताक. ही वाटी शंकरपाळ्यांच्या डब्यापेक्षा हाताला जवळ पाहिजे. ज्यांना मधुमेह आहे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी लाडवाची भरपाई म्हणून जेवण चुकवू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

घरच्या माणसांशी बोलणं हाही तयारीचाच भाग. सासूबाईंनी चार दिवस खपून लाडू वळलेत, त्यांना ‘मी गोड सोडलंय’ म्हटलं की त्या दुखावतात. “अगं, एका लाडवानं काय होतंय?” असं त्या म्हणणारच. मी आता नाही म्हणत नाही, वेळ सांगते: “आई, आत्ता नको, दुपारी जेवण झालं की तुमच्याबरोबर अर्धा घेते.” आणि मग खरोखर त्यांच्याशेजारी बसून अर्धा खाते. उरलेला अर्धा त्या खातात. हल्ली त्या स्वतःच दुपारी आठवण करतात, “चल गं, आपला लाडू राहिलाय.”

स्वतःचं वजन करायचा काटा मात्र आठवडाभर कपाटात ठेवून द्या. चिवडा-चकलीतल्या मिठाने अंगात पाणी साठतं, गोडानेही साठतं, त्यामुळे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काटा एक-दीड किलो जास्त दाखवू शकतो. ती चरबी नव्हे. एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे गरजेच्या वर तीसेक लाडू. चार दिवसांत एवढे कोणी खात नाही. तो आकडा बघून उपास धरणं आणि दोन दिवसांनी अख्ख्या डब्यावर तुटून पडणं, यात नुकसान मोठं आहे.

एक शेवटची तारीखही ठरवा. आम्ही तुळशीचं लग्न धरतो. भाऊबीजेनंतर दहा दिवसांनी द्वादशी येते. ऊस, चिंच, आवळे, बोरं यांच्याबरोबर नैवेद्याला दोन लाडू लागतात, ते आजच वेगळ्या डबीत काढून वर नाव लिहा. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून फराळाचं शेवटचं ताट करायचं आणि डबे घासून, उन्हात वाळवून माळ्यावर टाकायचे.

झोपण्याआधी फ्रिजवरच्या कागदाकडे पुन्हा एकदा जा. खाली लिहा: यंदा बेसन किती भाजलं, म्हणजे किती किलोचे लाडू केले, आणि त्यातले किती उरले. आमच्याकडे गेल्या वर्षी एक किलोतले बावीस उरले होते. यंदा मी अर्धाच किलो बेसन भाजलं, आणि लाडू आवळ्याएवढे वळले.