फा, सोल, ला आणि अधांतरी दांडी

देवनागरी फॉन्टच्या कामावर पोट चाललं होतं, संगीताच्या फॉन्टशी काडीचा संबंध नव्हता. बायकोच्या नोकरीमुळे दोन वर्षं अटलांटात राहिलो, तेव्हा शेजाऱ्याने एका रविवारी 'सेक्रेड हार्प' या अमेरिकन सामूहिक भजनगायनाला नेलं. चौकोनाच्या चारी बाजूंना माणसं, तोंडं मध्याकडे. शब्दांआधी अख्खं गाणं नुसतं 'फा सोल ला' म्हणत गायचं, आपण बंदिशीची सरगम करतो तसं. १८४४ पासून चालत आलेल्या त्यांच्या पुस्तकात छापलेल्या स्वरचिन्हांची डोकीच वेगवेगळी: फा त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन, मी हिरा. हा मी म्हणजे आपला नी. षड्ज सरकला की आकारही सरकतात. या आकारांचा फॉन्ट करायची मला तिथेच खाज सुटली.

या कामात यायचं असेल तर आधी चारच आकार करा. जेसी एकिन यांची १८४६ ची सात आकारांची पद्धत नंतर. फॉन्ट बनवायचं फॉन्टफोर्ज फुकट आहे, स्वरलेखन छापणाऱ्या लिलीपाँड या प्रोग्रामचा सोर्सही खुला आहे. पैसे? फारसे नाहीत, आधीच सांगतो.

संगीताच्या फॉन्टसाठी स्मफल नावाचं मानक आहे. त्यात स्टाफच्या (स्वर लिहायच्या पाच आडव्या रेघा) लगतच्या दोन रेघांमधलं अंतर एमच्या (फॉन्टच्या मापाची चौकट) पाव हिश्श्याइतकं, म्हणजे हजार युनिटांच्या एममध्ये २५०. मी सगळे आकार इमानदारीत २५० उंच काढले. चौकोन ढब्बू दिसला, हिरा उपाशी. देवनागरीत गोलाई रेघेबाहेर थोडी काढतोच की, पण इथे ते सुचलं नाही. शेवटी चौकोन बारीक केला आणि हिऱ्याची टोकं रेघांबाहेर काढली. पोकळ डोकी आधी काढा. भरीव डोकी सोपी असतात. पोकळ हिऱ्याची भिंत जाड झाली की छापताना आतली जागा बुजते. सहा मिलिमीटरच्या स्टाफवर डोकं जेमतेम दीड मिलिमीटरचं उरतं. स्क्रीनवर मोठं करून खूश होऊ नका, लेझर प्रिंटरवर खऱ्या मापात छापून बघा.

माझी खरी फजिती फाने केली. त्याची उभी बाजू दांडीला, म्हणजे डोक्याला जोडलेल्या उभ्या रेघेला, चिकटते. दांडी वर गेली तर डोक्याच्या उजवीकडे, खाली आली तर डावीकडे. म्हणून फाचे दोन ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधल्या दोन आकृत्या, लागतात, एकमेकांचे आरसे. मी दोन्ही काढले, पण दांडी कुठे टेकायची ते बिंदू फॉन्टसोबतच्या जेसन (JSON) नावाच्या माहितीच्या फाइलीत लिहायचे असतात, आणि दुसऱ्या फाचा बिंदू राहिला. पहिलं पान छापलं तर खाली येणाऱ्या दांड्या डोक्यापासून केसभर दूर, अधांतरी. आकार चुकलाय असं समजून दोन रात्री त्रिकोणच घासत बसलो होतो.

दुरुस्त केलेलं पान सरावाला नेलं. दिवे मंदच होते. पुढच्या रांगेतल्या आजीबाई सरसर गात गेल्या आणि एका जागी अडल्या: "हा मी की ला?" देखणा दिसावा म्हणून हिऱ्याचे कोपरे मी गोल केले होते. घरी येऊन ते परत टोकदार केले.