गाडीसाठी सबवूफर कसा निवडावा: आधी जागा मोजा, मग इंच

सबवूफर, थोडक्यात सब (फक्त खालचे स्वर, म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर), घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "दहा इंची घेऊ की बारा इंची?" माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. गाडीत जागा किती, त्या जागेत कसला बॉक्स मावतो आणि तुम्ही ऐकता काय, हे आधी ठरलं पाहिजे. सबचा आवाज स्पीकर आणि त्याच्या मागची कोंडलेली हवा मिळून तयार होतो. बॉक्सशिवाय सब वाजवून बघा. स्पीकरचा पुढचा पडदा, म्हणजे कोन, जोरजोरात हलताना दिसेल, पण बेस जवळजवळ येणार नाही, कारण कोनच्या पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना मारून टाकतात.

म्हणून पहिलं काम टेप घेऊन डिकीत वाकायचं. लांबी, उंची, खोली मोजा. मागच्या सीटची पाठ तिरकी असते, त्यामुळे खोली वर आणि खाली अशी दोनदा घ्या. डिकीचं तोंडही मोजा. आत मावणारा बॉक्स तोंडातून जातच नाही, असं पुष्कळदा होतं. स्टेपनी काढायला बॉक्स किती सरकवावा लागेल, तेही बघून ठेवा.

आता हिशेब. समजा 60 × 35 × 30 सेंटीमीटरचा बॉक्स मावतोय. बाहेरून तो 63 लिटरचा. पण 18 मिलिमीटरच्या एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) केला तर प्रत्येक मापातून 3.6 सेंटीमीटर जातात आणि आत उरतात जेमतेम 47 लिटर. म्हणजे 16 लिटर नुसत्या लाकडात गेले! सबचं चुंबक आणि सांगाडाही त्यातून थोडी जागा घेतात. सबच्या माहितीपत्रकात बॉक्सचं माप बहुधा घनफुटात दिलेलं असतं. 1 घनफूट म्हणजे 28.3 लिटर. आपल्या हातातला हा आकडा आणि तिथला आकडा जुळला, की निम्मी निवड झाली. लहान बॉक्समध्ये कोंबलेल्या बारा इंचीपेक्षा हव्या तेवढ्या जागेत बसवलेला दहा इंची बहुतेक वेळा खोल आणि मोकळा वाजतो.

डिकी अजिबात द्यायची नसेल तर सीटखाली बसणारा, ॲम्प (सिग्नलची शक्ती वाढवणारा ॲम्प्लिफायर) आतच असलेला चपटा सब घ्या. त्यात बहुधा आठ इंची किंवा त्याहून लहान कोन असतो. छाती दणाणणार नाही, पण गाण्याला तळ मिळतो. खूप जणांना खरं तर तेवढंच हवं असतं.

दुसरा निर्णय बॉक्सच्या प्रकाराचा, आणि इथे घाई करू नका. बंद बॉक्स, म्हणजे सील्ड, आकाराने लहान असतो. खालच्या स्वरांकडे जाताना त्याचा आवाज हळूहळू, सप्तकामागे 12 डेसिबलने उतरतो. पोर्टेड बॉक्सला भोक किंवा नळी असते; ती ज्या फ्रिक्वेन्सीला लावलेली असते, तिच्या आसपास तेवढ्याच वॅटमध्ये आवाज मोठा येतो. मात्र त्याखाली तो सप्तकामागे 24 डेसिबलने कोसळतो आणि कोनला हवेचा आधारच उरत नाही. त्यामुळे पोर्टेड घेणार असाल तर ॲम्पला सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारी सोय) हवाच. गाडीची बंदिस्त केबिन खालचा बेस आपोआप उचलते, म्हणून सील्डची उतरंड गाडीत बरीचशी भरून निघते.

फरक कानाने ओळखायचा असेल तर तबल्याचं रेकॉर्डिंग लावा आणि डग्ग्याकडे लक्ष द्या. मनगट दाबून डग्ग्याचा स्वर वर सरकवतात, तो घुमारा चांगल्या बॉक्समधून सरकताना स्पष्ट ऐकू येतो. वाईट जुळणीत प्रत्येक थापेला एकच "धुम्म" येतं. चित्रपटसंगीत, गझल, रॉक असं सगळं ऐकणाऱ्याला मी सील्डच सुचवेन. इलेक्ट्रॉनिक किंवा हिपहॉप मोठ्याने ऐकायचं असेल आणि डिकी द्यायची तयारी असेल, तर पोर्टेड.

वॅट बघताना पुठ्ठ्यावरचा मोठा आकडा विसरा. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. कामाचा आकडा आरएमएस, म्हणजे सब सतत किती शक्ती झेलू शकतो तो. सबचा आणि ॲम्पचा आरएमएस जवळपास सारखा ठेवा. वॅट दुप्पट केले तरी वाढ फक्त 3 डेसिबलची होते, त्यामुळे 300 च्या जागी 600 घेतल्याने आवाज दुप्पट वाटत नाही. उलट कमजोर ॲम्पचा गेन पिळून पिळून वाजवला की सिग्नलची टोकं कापली जातात, सबची कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) तापते आणि जळते. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्यासाठी तो असतो.

ओहमकडे, म्हणजे कॉइल करंटला किती अडवते त्या मापाकडे, मी स्वतः एकदा दुर्लक्ष केलं. माझा सब दोन कॉइलचा, प्रत्येकी 2 ओहम. बसवणाऱ्याने दोन्ही पॅरलल (शेजारीशेजारी) जोडल्या, म्हणजे भार झाला 1 ओहम. ॲम्प मात्र 2 ओहमच्या खाली न चालणारा. प्रत्येक जोरदार ठोक्याला ॲम्पचा लाल दिवा लागायचा आणि बेस गायब व्हायचा. सबच खराब आहे, असं मला सांगण्यात आलं. शेवटी वायर सोडवून मल्टिमीटर लावला तेव्हा उलगडा झाला. त्याच कॉइल सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडल्यावर 4 ओहम झाले आणि दिवा परत कधी लागला नाही. पण 4 ओहमला ॲम्पची शक्ती कमी मिळते, ती कमी मिळतच राहिली. म्हणून खरेदीआधीच कागदावर मांडा: दोन 4 ओहम कॉइल पॅरलल 2, सिरीज 8; दोन 2 ओहम पॅरलल 1, सिरीज 4. तुमचा ॲम्प यातल्या ज्या आकड्याला पूर्ण शक्ती देतो, त्या कॉइलचा सब घ्या.

वायरिंगवर पैसे वाचवू नका. 300 वॅट आरएमएसचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प भर जोरात 25 ते 30 अँपिअर ओढतो. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीत कमी करंट नेते. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत बसवा. वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर आगीपासून वाचवणारा तोच.

जोडणी झाली की लो-पास (फक्त त्याखालचे स्वर सबकडे जाऊ देणारा फिल्टर) 80 हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. मग ओळखीचं गाणं लावून ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि दुसऱ्याला फेजचं (सबची लाट उलटी करणारं) बटण 0 वरून 180 वर करायला सांगा. ज्या बाजूला बेस भरीव होतो आणि पुढून येतोय असं वाटतं, ती बाजू कायम ठेवा. नंतर उतरून मागे उभे राहा. नंबर प्लेट किंवा डिकीचं झाकण खडखडत असेल, तर सबचा आवाज कमी करण्याआधी त्यांच्यामागे फोमची पट्टी लावा.