साय यंगच्या थडग्यापाशी लेटरबॉक्स: या चुका टाळा

लेटरबॉक्सिंग म्हणजे क्लू वाचून लपवलेला डबा शोधायचा, त्यातला हाताने कोरलेला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत. १८५४ साली इंग्लंडच्या डार्टमूर या माळरानावर सुरू झालेला हा छंद १९९८ नंतर अमेरिकेत फोफावला. जुन्या बेसबॉलपटूंची थडगी तिथल्या मंडळींच्या आवडीची. ५११ सामने जिंकणारा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) साय यंग ओहायोतल्या पिओली या खेड्यात पुरला आहे. त्याच्या शिळेवर पंख असलेला चेंडू कोरलेला आहे, त्यामुळे शिक्क्याचं चित्र आयतंच मिळतं. पण अशा ठिकाणचे डबे फार टिकत नाहीत आणि दोष बहुतेक वेळा लपवणाऱ्याचाच असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डबा थडग्यालगत ठेवणं. शिळेमागे, फुलदाणीत किंवा माती उकरून, कुठेच नको. थडगं हा क्लूमधला टप्पा असावा, डब्याची जागा नव्हे. शिवाय गवत कापणारी माणसं यंत्र घेऊन प्रत्येक शिळेभोवती फिरतात. तिथे सापडलेली वस्तू थेट कचऱ्यात जाते. दफनभूमीचं काम टाउनशिपकडे (तिथली ग्रामपंचायतच म्हणा) आहे, चर्चकडे की एखाद्या संस्थेकडे, हे विचारून आधी परवानगी घ्या आणि डबा कुंपणाकडच्या झाडाच्या ढोलीत किंवा सुट्या दगडांमागे ठेवा. रचलेल्या भिंतीतला दगड काढू नका. कुंपणाकाठी तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही असते. ती असेल तर जागा बदला, नाहीतर शोधणारे आठवडाभर अंग खाजवत बसतील.

दुसरी चूक क्लूची. चाहते थडग्यावर चेंडू ठेवून जातात. 'तीन चेंडूंपासून डावीकडे वळा' असं लिहिलंत तर पुढच्या महिन्यात तिथे सात चेंडू असतील किंवा एकही नसेल. झेंडे आणि फुलं यांचीही तीच गत. खूण हवी ती शिळा, फाटक, मोठं झाड अशी न हलणारी.

आकड्यांची कोडी करणाऱ्यांनी आणखी जपावं. यंगचे पराभव काही नोंदींत ३१५, काहींत ३१६ आहेत. ओल्ड हॉस रॅडबर्न या दुसऱ्या जुन्या पिचरचे १८८४ मधले विजय कुणी ५९ धरतं, कुणी ६०. अशा आकड्यावरून पावलं मोजायला लावली की अर्धे लोक चुकीच्या झाडाखाली चाचपडतात. कोड्यातला आकडा शिळेवरच वाचता यायला हवा. शिळेवर नाव आणि टोपणनाव कसं कोरलंय तेही पाहून घ्या: यंगचं खरं नाव डेंटन, 'साय' हे टोपणनाव.

दिशा देताना होकायंत्राची उत्तर की नकाशावरची, हे लिहाच. पूर्व ओहायोत दोन्हींत साधारण ८ अंशांचा फरक पडतो. १०० फूट चालल्यावर माणूस सुमारे १४ फूट बाजूला गेलेला असतो. 'पाऊल' म्हणजे एक पाऊल की डावं-उजवं मिळून एक, हेही सांगा.

शिक्का कोरताना अक्षरं आणि आकडे उलटे हवेत. रबरावर ५११ सुलट कोरलं तर कागदावर ते ११ आणि मग उलटा ५ असं उमटतं. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, पालथं घालून रबरावर घासा. उलटं आपोआप होतं. रेषेच्या कडा खालून पोखरू नका, बाहेरच्या बाजूला उतार ठेवा. पोखरलेली बारीक रेष पंधरा-वीस ठशांत तुटते. खोली २-३ मिमी पुरते. शाई लावताना मोठा शिक्का पॅडवर दाबू नका. शिक्का उताणा धरून पॅडनेच हलके टिपा.

डबा घ्यावा तो चार बाजूंनी क्लिप लागणारा, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला. हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे ओहायोच्या थंडीत तडकतात. तरीही पाणी शिरतं ते बहुतेकदा एकाच कारणाने: आतल्या झिप पिशवीचं टोक झाकणात अडकतं आणि रिंग नीट बसत नाही. वही आणि शिक्का वेगळ्या पिशव्यांत ठेवा, शाईचा पॅड डब्यात मुळीच नको. शिक्का पुसून ठेवला नाही तर ओली शाई पिशवीला लागते आणि पुढच्याच्या बोटांना. पाण्यात विरघळणाऱ्या शाईचे ठसे दमट वहीत पसरतात. पिगमेंट शाई टिकते, पण गुळगुळीत कागदावर ती लवकर वाळत नाही. म्हणून साधा, खरखरीत कागद घ्या. दारूगोळ्याच्या पेट्या आणि पाइपचे तुकडे टाळा. ते बाँबसारखे दिसतात आणि मग पोलीस येतात. डब्यावर 'लेटरबॉक्स, कचरा नाही' असं लिहा.

शोधायला जाणाऱ्यांसाठी थोडंच. अंत्यविधी सुरू असेल तर परत फिरा. चाहत्यांनी ठेवलेले चेंडू उचलू नका. पुसट अक्षरं वाचायला शेव्हिंग क्रीम, पीठ किंवा खडू लावू नका, दगड खराब होतो. छोटा आरसा बाजूला धरून उन्हाची तिरीप शिळेवर पाडा, अक्षरं स्पष्ट दिसतात. ठसे उमटवायचे ते थडग्यापासून दूर बसून, आणि डबा होता तसाच, त्याच बाजूने झाकून ठेवायचा.

लपवणाऱ्याने बर्फ वितळल्यावर एक फेरी मारावी. वही ओली असेल तर बदला. डबाच गेला असेल तर क्लू त्याच दिवशी मागे घ्या. जुना क्लू हातात घेऊन लोक पुढची दोन वर्षं तिथले दगड उलथत राहतात आणि परवानगी देणाऱ्याला ते दिसतं.