द्राक्षांच्या कंटेनरची कागदपत्रे कशी वाचावीत

नाशिक जिल्ह्यातील पॅकहाऊसमधून निघालेला द्राक्षांचा रीफर (शीतकरणाची सोय असलेला) कंटेनर न्हावा शेवा बंदरातून रॉटरडॅमला रवाना होतो, तेव्हा त्याच्यासाठी कागदपत्रांचा एक पूर्ण संच तयार करावा लागतो. हे काम सीएचएचे (कस्टम्सचे काम करणाऱ्या एजंटचे) आणि फॉरवर्डरचे (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्याचे), असे समजून अनेक नवे निर्यातदार आलेला ड्राफ्ट न वाचताच मंजूर करतात. तसे करू नये, कारण आकडा कोणीही टाइप केलेला असो, तो चुकला की पैसे निर्यातदाराचेच अडकतात.

वाचनाची सुरुवात इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टपासून करावी. पुढचे बहुतेक कागद यांच्यावरूनच भरले जातात. किंमत एफओबी न्हावा शेवा असेल तर जहाजाचे भाडे खरेदीदार देतो आणि बिल ऑफ लेडिंगवर (शिपिंग लाइन, म्हणजे जहाज कंपनी, मालासाठी देते त्या कागदावर) ‘फ्रेट कलेक्ट’ असे येते; सीआयएफ रॉटरडॅम असेल तर भाडे आणि विमा दोन्ही निर्यातदाराकडे असतात आणि तेथे ‘फ्रेट प्रीपेड’ असायला हवे. पॅकिंग लिस्टमध्ये खोक्यांची संख्या, निव्वळ वजन आणि एकूण वजन स्वतः गुणाकार करून तपासावे. व्हीजीएमचा, म्हणजे भरलेल्या कंटेनरच्या प्रमाणित वजनाचा, आकडा मात्र यापेक्षा मोठा दिसेल, कारण १ जुलै २०१६ पासून बंधनकारक झालेल्या त्या वजनात रिकाम्या कंटेनरचे वजनही धरलेले असते. ती तफावत म्हणजे चूक नव्हे.

शिपिंग बिल हे कस्टम्ससाठी असते. ते आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर दाखल होते, आणि त्यावर लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे कस्टम्सची निर्यातीची परवानगी, मिळाल्याशिवाय माल जहाजावर चढत नाही. त्यावर लिहायचा ताज्या द्राक्षांचा वर्गीकरण कोड ०८०६१००० असून त्यातील पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात.

खरा वेळ द्यावा तो बिल ऑफ लेडिंगला, म्हणजे बोलीतल्या बीएलला. शिपिंग लाइनने दिलेला हा कागद मालाची पोच असतो, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि ‘टू ऑर्डर’ स्वरूपात (ठरावीक नावाऐवजी, मागे सही करून ज्याला सोपवला जाईल त्याला माल मिळेल असा) काढलेला असेल तर मालावरचा हक्कही त्याच्यासोबतच हस्तांतरित होतो. भारतात त्याला १८५६ च्या कायद्याचा आधार होता, त्याच्या जागी २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. सहसा तीन मूळ प्रती निघतात आणि त्यांपैकी एक दाखवून माल सोडवला की उरलेल्या निरर्थक ठरतात. म्हणून पूर्ण पैसे हाती येण्याआधी खरेदीदाराला एकही मूळ प्रत थेट पाठवू नये.

बीएलचा ड्राफ्ट समोर आला की कन्साइनीचा, म्हणजे माल घेणाऱ्याचा, रकाना आधी पाहावा. तेथे थेट खरेदीदाराचे नाव आहे की ‘टू ऑर्डर’ आहे, यावर मालाचा ताबा कोणाकडे राहील हे ठरते. नंतर कंटेनर क्रमांक पाहावा: चार अक्षरे आणि सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर तो बहुधा पडताळणीत पकडला जातो. सील क्रमांक कंटेनर बंद करताना काढलेल्या फोटोशी ताडून पाहावा. तापमान शून्याच्या आसपास ठेवायचे असल्याने आकड्याआधीचे ऋणचिन्ह सुटलेले नाही ना, हेही बघावे. ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’ हा शेरा बीएलवर असतोच. त्याचा अर्थ लाइनने खोके मोजलेले नाहीत, म्हणून मोजणीची नोंद आणि फोटो आपल्याकडेच जपावेत. मूळ प्रती निघाल्यानंतर दुरुस्ती करायची तर पूर्ण संच लाइनला परत करावा लागतो आणि शुल्कही भरावे लागते.

व्यवहार एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे दिल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर प्रत्येक कागद एलसीच्या शेजारी ठेवून वाचावा, कारण बँक माल पाहत नाही, कागद पाहते. एलसीसाठीच्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इनव्हॉइसवरील मालाचे वर्णन एलसीतील वर्णनाशी जुळले पाहिजे, तर इतर कागदांवर ते विसंगत नसले की पुरते. ‘शिप्ड ऑन बोर्ड’ची तारीख एलसीतील शेवटच्या तारखेनंतरची नको, आणि एलसीत वेगळी मुदत दिलेली नसेल तर त्या तारखेपासून २१ दिवसांच्या आत, एलसी संपण्यापूर्वी, संच बँकेत पोहोचायला हवा. जहाज उशिरा सुटले म्हणून लाइनकडे मागची तारीख मागणे ही सरळ फसवणूक आहे. त्याऐवजी एलसीत दुरुस्ती करून घ्यावी.

फायटो, म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, माल रवाना होण्यापूर्वीच घ्यावे आणि त्यावरील व्हायटिस विनिफेरा हे शास्त्रीय नाव, खोक्यांची संख्या व कंटेनर क्रमांक बीएलशी जुळवावेत. युरोपच्या बंदरात नाशवंत माल अशा एका आकड्यासाठी थांबला तर त्याचा भाव दिवसागणिक उतरतो.

दुबईच्या जेबेल अली बंदराला माल पाठवताना अडचण वेगळी असते. जहाज काही दिवसांतच पोहोचते आणि मूळ बीएल बँकेतून जाईपर्यंत कंटेनरवर डिमरेज, म्हणजे बंदरात मुदतीपेक्षा जास्त थांबल्याचा आकार, चढू लागते. अशा वेळी बीएलऐवजी सी वेबिल घेतात, ज्यावर माल सोडवायला मूळ प्रत लागत नाही, किंवा मूळ प्रती लाइनच्या इथल्या कार्यालयात जमा (सरेंडर) करून टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ प्रतीशिवाय माल सोडण्याचा संदेश, देतात. एकदा रिलीज गेले की निर्यातदाराचा मालावरचा ताबा संपतो. म्हणून ओळख नसलेल्या खरेदीदाराबाबत, रक्कम खात्यात जमा झाल्याचे बँकेने कळवल्यावरच सरेंडरची लेखी सूचना लाइनला द्यावी. खरेदीदाराने पाठवलेल्या स्विफ्टच्या (बँकेने पैसे पाठवल्याच्या संदेशाच्या) प्रतीवर विसंबून ती देऊ नये.