ब्राउझरमधल्या सुरक्षा त्रुटींपासून स्वतःला कसं वाचवावं

तुमच्या संगणकावर क्रोम उघडा असेल तर आधी उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात बघा. तीन ठिपक्यांपाशी काही रंग दिसतोय का, किंवा अपडेटची सूचना आहे का? हिरवा रंग असेल तर अपडेट येऊन दोन दिवसही झालेले नाहीत. नारिंगी असेल तर साधारण चार दिवस झालेत, आणि लाल असेल तर किमान आठवडा उलटून गेलाय. बहुतेक वेळा हे अपडेट संगणकात आधीच उतरलेलं असतं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडलेला नसतो, एवढ्यासाठीच ते लागू व्हायचं राहिलेलं असतं. चाळीस टॅब उघडे आहेत म्हणून आपण ते पुढे ढकलत राहतो. हा लेख मुख्यतः त्या ढकलण्याबद्दल आहे.

आधी थोडं कारण समजून घेऊ, कारण ते कळलं की पुढच्या पायऱ्या टाळाव्याशा वाटत नाहीत.

ब्राउझरचं काम असं की अनोळखी लोकांनी पाठवलेल्या फायली त्याला दिवसभर उघडाव्या लागतात. चित्रं, फॉन्ट, व्हिडिओ, जावास्क्रिप्टचा कोड, सगळं न विचारता येतं आणि क्षणात वाचावं लागतं. हे वाचणारे भाग बरेचसे सी++ आणि सी या भाषांत लिहिलेले आहेत. त्यात मेमरी हाताळताना झालेली एखादी चूक लपून राहिली, तर खास त्यासाठी बनवलेली फाईल ब्राउझरला भलतंच काम करायला लावू शकते. क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियम प्रकल्पाने २०१५ पासूनच्या ९१२ गंभीर त्रुटी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडला होता. त्यांतल्या सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या चुकांमुळेच होत्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये असंच घडलं. वेबपी हा चित्रांचा प्रकार गूगलने २०१० मध्ये आणला आणि आज तो सगळीकडे आहे. ही चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या कोडमध्ये त्रुटी सापडली. ॲपलचा सुरक्षा गट आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी ती ६ सप्टेंबरला गूगलला कळवली, तेव्हा हल्लेखोर तिचा वापर करतच होते. क्रोमची दुरुस्ती ११ सप्टेंबरला आली, फायरफॉक्सची दुसऱ्या दिवशी. एकाच कोडवर अनेक ब्राउझर आणि संगणकावरची कितीतरी ॲप अवलंबून होती, त्यामुळे प्रत्येकाला आपापली दुरुस्ती काढावी लागली. वापरणाऱ्याचा यात दोष काहीच नव्हता. चित्र असलेलं पान उघडणं ही काही चूक नाही.

पुढच्याच वर्षी फायरफॉक्सवर याहून वाईट प्रसंग आला. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला एक त्रुटी कळवली आणि २५ तासांत दुरुस्ती बाहेर पडली. हल्ल्यात विंडोजमधली आणखी एक त्रुटी जोडलेली होती. ब्राउझर आपली पानं एका बंदिस्त कप्प्यात चालवतो, त्याला सँडबॉक्स म्हणतात. त्या दुसऱ्या त्रुटीने हा कप्पा ओलांडला जात होता. पान नुसतं उघडलं की संगणकात शिरकाव व्हायचा, कुठेही क्लिक करायची गरज नव्हती. मोझिलाच्या लोकांनी एका दिवसात केलेलं ते काम थोर होतं, पण ज्याने फायरफॉक्स पुन्हा सुरू केला नाही त्याच्यापर्यंत ते पोहोचलंच नाही.

आता उशिराचा खरा धोका. क्रोमियम मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता येतो आणि त्यात केलेली दुरुस्तीही दिसते. हल्ला करू पाहणारा जुना आणि नवा कोड शेजारी ठेवतो, बदल कुठे झाला ते बघतो आणि मूळ चूक काय होती हे ओळखतो. दुरुस्ती जाहीर झाली की त्रुटीचा पत्ताच जाहीर होतो. एकेकाळी दुरुस्ती कोडमध्ये येण्यापासून ती लोकांच्या हाती पडेपर्यंत सरासरी ३५ दिवस जात. हे अंतर आधी १५ दिवसांवर आणलं गेलं आणि ऑगस्ट २०२३ पासून, क्रोमच्या ११६व्या आवृत्तीपासून, सुरक्षा अपडेट दर आठवड्याला येऊ लागली. क्रोम बनवणाऱ्यांनी त्यांच्या बाजूचे दिवस कमी केले. उरलेले दिवस आपल्या हातात आहेत.

पायरी १ : संगणकावरचा ब्राउझर

अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर आधी पूर्ण करा किंवा सेव्ह करा, कारण पुन्हा सुरू करताना तो मजकूर जाऊ शकतो. साधे टॅब आपोआप परत उघडतात, इन्कॉग्निटो (खासगी) खिडक्या मात्र परत येत नाहीत.

क्रोममध्ये तीन ठिपके, मग हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम. हे पान उघडताच तपासणी सुरू होते आणि गरज असेल तर रीलाँचचं, म्हणजे ब्राउझर पुन्हा सुरू करण्याचं, बटण येतं. ते दाबा. एजमध्ये तीन ठिपके, हेल्प अँड फीडबॅक, अबाउट मायक्रोसॉफ्ट एज. फायरफॉक्समध्ये तीन रेघा, हेल्प, अबाउट फायरफॉक्स. ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी क्रोमियमवरच उभे आहेत, त्यामुळे क्रोमची त्रुटी बहुधा त्यांचीही असते. त्यांची दुरुस्ती वेगळी येते, म्हणून ती वेगळी तपासायची. सफारीचं अपडेट मॅकच्या सिस्टिम सेटिंग्जमधून, जनरल आणि मग सॉफ्टवेअर अपडेट असं जाऊन करतात.

खिडकी बंद केली म्हणजे ब्राउझर बंद झाला असं नेहमी होत नाही. मॅकवर लाल ठिपका दाबून फक्त खिडकी जाते, पूर्ण बंद करायला कमांड आणि क्यू दाबावं लागतं. विंडोजवर क्रोम पाठीमागे चालू राहू शकतो. म्हणून रीलाँचचं बटण वापरणं सगळ्यांत खात्रीचं.

जे ब्राउझर कधीमधीच वापरता तेही तपासा. एखाद्या सरकारी पोर्टलसाठी दुसरा ब्राउझर टाकलेला असतो आणि मग महिनोन्महिने तो उघडलाच जात नाही.

पायरी २ : फोन

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, आपल्या फोटोवर टिचकी मारा, मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइसमध्ये जा आणि प्रलंबित अपडेट बघा. ब्राउझरसोबत अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू हे नावही शोधा. बातम्यांचं, खरेदीचं किंवा आणखी कुठलं ॲप आपल्या पोटात वेबपान दाखवतं तेव्हा सहसा हाच घटक काम करत असतो. त्याचं चिन्ह समोर दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो.

आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. भारतात आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स वापरलात तरी पानं दाखवणारं आतलं इंजिन ॲपलचं वेबकिटच असतं. त्यामुळे फोनचं अपडेट टाळून नुसतं ब्राउझरचं ॲप नवं ठेवण्याने भागत नाही.

पायरी ३ : यंत्र जुनं असेल तर

इथे सावकाश वाचा, कारण आपल्या घरांत हा प्रश्न फार आहे. मुलाने नवा फोन घेतला की जुना आईबाबांकडे जातो, आणि बाबा त्यावरच बँकेचे व्यवहार आणि लाइटबिल भरणं सुरू करतात.

जुन्या अँड्रॉइडवर अपडेट यायचं थांबलं की कुणी मोठ्याने सांगत नाही. प्ले स्टोअरमध्ये अपडेटऐवजी ओपन एवढंच दिसतं आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. म्हणून आवृत्तीचा आकडा बघायचा. क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, अबाउट क्रोम, तिथे ॲप्लिकेशन व्हर्जन लिहिलेलं असतं. घरातल्या नव्या फोनवरचा आकडा शेजारी धरा. सुरुवातीच्या संख्येत एखाद-दुसऱ्याचा फरक असेल तर अपडेट राहिलंय, तेवढं करून टाका. फरक दहा-वीसचा असेल तर त्या फोनला दुरुस्त्या मिळणं बंद झालंय. २०२५ मध्ये क्रोमने अँड्रॉइड ८ आणि ९ ला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९व्या आवृत्तीशीच थांबला, ती जानेवारी २०२३ ची आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर ब्राउझर नवा ठेवता येत असला, तरी फायरफॉक्सच्या प्रसंगात दुसरी त्रुटी विंडोजमध्येच होती हे लक्षात असू द्या.

दुरुस्त्या न मिळणाऱ्या फोनवरून बँकेची आणि यूपीआयची ॲप काढा, मुख्य गूगल खातं साइन आउट करा आणि तो गाणी, व्हिडिओ यांपुरता ठेवा. ज्येष्ठांच्या हाती पैशाचे व्यवहार द्यायचे असतील तर त्यांना अपडेट मिळणारा फोन द्या, स्वस्तातला चालेल. जुन्या संगणकावर लिनक्स मिंटसारखी प्रणाली टाकली तर नवा ब्राउझर मिळतो आणि यंत्रही भंगारात जात नाही.

पायरी ४ : एक्स्टेन्शन कमी करा

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. त्याला तुम्ही दिलेल्या परवानगीनुसार प्रत्येक पानावरचा मजकूर वाचता येतो, लॉगिननंतरचाही. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच कर्मचाऱ्याला फसव्या मेलने गाठून हल्लेखोरांनी तिच्या क्रोम एक्स्टेन्शनची घातक आवृत्ती नाताळच्या सुट्टीत पसरवली. सुमारे चार लाख लोकांकडे ते एक्स्टेन्शन होतं, आणि घातक आवृत्ती नेहमीच्या अपडेटच्या वाटेनेच आली. त्याआधी द ग्रेट सस्पेंडर हे लोकप्रिय एक्स्टेन्शन नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक ठरवून बंद करावं लागलं.

एक्स्टेन्शनच्या मेनूतून मॅनेज एक्स्टेन्शन्समध्ये जा. कधी टाकलं हे आठवत नाही ते काढा. पीडीएफ बदलणारी, कूपन शोधणारी, स्क्रीनचे फोटो घेणारी एक्स्टेन्शन बहुतेकांना लागत नाहीत. जी ठेवाल त्यांच्या डिटेल्समध्ये साइट ॲक्सेस बघा आणि जमेल तिथे ऑन क्लिक निवडा.

पायरी ५ : पानाने सांगितलेलं अपडेट कधीही घेऊ नका

लोक अपडेटबद्दल जागरूक झाले, हे फसवणाऱ्यांनाही कळलंय. एखाद्या चांगल्या पण हॅक झालेल्या साइटवर अचानक 'तुमचा ब्राउझर जुना आहे' असा फलक येतो, अगदी क्रोमसारख्या दिसणाऱ्या चिन्हासह, आणि खाली डाउनलोडचं बटण असतं. ते दाबलं की मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, उतरतं. खरं अपडेट ब्राउझरच्या मेनूतून, फोनच्या सेटिंग्जमधून किंवा ॲप स्टोअरमधूनच येतं. व्हॉट्सॲपवर आलेली अपडेटची लिंक किंवा एपीके (अँड्रॉइडवर ॲप टाकणारी) फाईल तर उघडूच नका.

सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था ब्राउझरमधल्या गंभीर त्रुटींवर इशारे काढते आणि मग 'क्रोम वापरणाऱ्यांना सरकारचा इशारा' अशी बातमी येते. त्यात कोणत्या आवृत्तीपर्यंत धोका आहे ते दिलेलं असतं. तो आकडा आपल्या अबाउटच्या पानाशी ताडून बघा. ब्राउझर काढून टाकायची गरज नसते.

पायरी ६ : दुसऱ्याच्या संगणकावर

ई-सेवा केंद्र, सायबर कॅफे, झेरॉक्सचं दुकान. तिथला ब्राउझर कधी अपडेट झाला हे तुम्हाला माहीत नसतं. बँक आणि मुख्य ईमेल तिथे उघडू नका. कागद छापायचा असेल तर फाईल पेन ड्राइव्हवर न्या. लॉगिन अटळ असेल तर क्रोमच्या प्रोफाइलमधून गेस्ट मोड घ्या, शेवटी लॉग आउट करा आणि डाउनलोड्समधून आपलं आधार, दाखले, गुणपत्रक पुसून रिसायकल बिनही रिकामा करा. केंद्र चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, रोज सकाळी दुकान उघडताना ब्राउझर एकदा तपासा. गावभराची कागदपत्रं तुमच्या त्या एका यंत्रातून जातात.

पायरी ७ : काही घडल्याचा संशय आला तर

आधी त्या यंत्राचं इंटरनेट तोडा. पासवर्ड दुसऱ्या, भरवशाच्या यंत्रावरून बदला, सुरुवात मुख्य ईमेलपासून करा. पण पासवर्ड बदलला म्हणजे झालं असं समजू नका. लॉगिन झाल्याची खूण ब्राउझर कुकीमध्ये ठेवतो, आणि ती कुकी चोरीला गेली तर पासवर्डशिवायही आत शिरता येतं. म्हणून गूगल खात्यात सिक्युरिटीमधून युवर डिव्हाइसेस उघडून अनोळखी यंत्रं साइन आउट करा, व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून अनोळखी ब्राउझर काढा, आणि बँकेच्या नेट बँकिंगचा पासवर्ड बदलून व्यवहार तपासा.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि लगोलग बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते गोठवता यावेत, यासाठी इथे मिनिटं मोलाची असतात. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि बँकेचा संदेश हाताशी ठेवा. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि ती करेपर्यंत त्या यंत्रावरचं काहीही पुसू नका.